नुरा कुस्तीचा न्याय : एका जुन्या खेळाचे परीक्षण

मुरगूड हे कागल तालुक्यातील वेदगंगेकाठचे गाव. येथे कुस्तीविषयी दोन शब्द लिहिणाऱ्याने जपून लिहावे, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्मे लोक लेखकापेक्षा अधिक जाणकार असतात. या भागातील तालमींत लाल मातीचा हौद अजून जिवंत आहे, जत्रांतून मैदाने भरतात, आणि मुरगूडच्या मुलींनी मॅटवरील कुस्तीत राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत मजल मारली आहे. अशा परिसरातील आपल्या कॅथलिक कुटुंबांतही मुले अलीकडे एक निराळीच कुस्ती पाहू लागली आहेत. ती मोबाइलच्या पडद्यावर असते, अमेरिकेतील असते, आणि पुष्कळदा त्या मुलांच्या जन्माच्या कितीतरी आधीची असते. त्यांच्या वडिलांनी नव्वदच्या दशकात केबलवर हाच खेळ पाहिला होता आणि त्या पैलवानांची चित्रे असलेले पत्ते दप्तरातून शाळेत नेले होते. आता तेच वडील विचारतात, “फादर, हे मुलांना पाहू द्यावे काय?”

या प्रश्नाचे घरोघरी एकच उत्तर ठरलेले आहे : ते सगळे खोटे असते, पाहू नका. आम्हांला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. आधी ठरवून केलेली प्रत्येक गोष्ट खोटी म्हणावयाची, तर नाटक खोटे ठरेल. गुड फ्रायडेला आपल्या धर्मग्रामांत क्रूसाच्या वाटेचे जे जिवंत देखावे होतात, तेही खोटे ठरतील. कारण तेथे शिपायाचा आसूड हवेतच थांबतो, आणि क्रूस वाहणाऱ्या तरुणाला आपण तिसऱ्यांदा कोठे पडावयाचे हे आधीच ठाऊक असते. तरीही पाहणाऱ्याचे डोळे भरून येतात, आणि त्या अश्रूंना कोणी खोटे म्हणत नाही. तेव्हा परीक्षकाने विचारावयाचा प्रश्न दुसराच असला पाहिजे. ही झुंज कोणाशी प्रामाणिक आहे आणि कोणाला फसवते, हा तो प्रश्न होय. तो मनात धरून आम्ही अशा एका जुन्या खेळाचे ध्वनिचित्रण आरंभापासून शेवटपर्यंत पाहिले. त्याचे परीक्षण येथे करीत आहोत.

परंतु आधी मापाचा विचार केला पाहिजे, आणि आपल्याकडे कुस्तीचे माप कोल्हापूरच्या खासबाग मैदानावर मिळते. राजर्षी शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातील. १९०२ साली ते युरोपात गेले आणि रोममधील प्राचीन क्रीडागृह पाहून आले. १९१२ साली पूर्ण झालेले खासबाग मैदान त्या दर्शनाचे फळ मानले जाते. मध्यभागी मातीचा हौद आणि भोवती चढत गेलेला उतार अशी त्याची घडण आहे. कोठेही बसले तरी पैलवानाची पाठ मातीला लागली की नाही, हे सर्वांना दिसावे, असा तिचा हेतू. याच मैदानाला लागून महाराजांनी १९१५ साली नाट्यगृह उभारले. ते पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्या नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा लगतच्या मैदानाच्या व्यासपीठालाही झळ बसली. म्हणजे कोल्हापुरात नाटक आणि कुस्ती शेजारीच नांदतात. तथापि प्रेक्षक ज्या दाराने आत जातो, त्या दारावरच त्याला काय पाहावयाचे ते कळते. नाट्यगृहात राजा मेला तर पडदा पडल्यावर तो उठणार, हे तो जाणतो. मैदानात पाठ लागली तर ती खरीच लागली, असे तो धरून चालतो. या दोन दारांची सरमिसळ झाली की फसवणुकीला आरंभ होतो. मैदानाच्या दाराने आत घेऊन नाट्यगृहातला खेळ दाखविणे, याला आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ असे नाव आहे, आणि शड्डू ठोकणाऱ्या कोणत्याही मल्लाला ही शिवी वाटते.

अस्सल कुस्ती नेहमीच रंगतदार असते, असे मात्र कोणी समजू नये. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा मल्ल झबिस्को यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली. झबिस्को बराच वेळ पालथा पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढे १९२८ साली पतियाळा येथे हेच दोघे पुन्हा भेटले, तेव्हा गामाने एक मिनिटाच्या आत निकाल लावला. पहिली कुस्ती पाहणाऱ्याला कंटाळा आला असेल, आणि दुसरी पाहणाऱ्याची पापणी लवेपर्यंत ती संपली असेल. खऱ्या कुस्तीला प्रेक्षकाच्या सोयीशी कर्तव्य नसते. धंदेवाईक कुस्तीचा जन्म नेमका या अडचणीतून झाला. तिकीट काढून आलेल्या माणसाला ठरलेल्या वेळात ठरलेला आनंद मिळावा, यासाठी झुंजीचा आरंभ, मध्य आणि शेवट आधी रचला जाऊ लागला.

महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांत मुंबईत दारासिंग, हंगेरीत जन्मलेला किंगकाँग आणि इतर देशी-परदेशी मल्लांचे ‘फ्री स्टाइल’चे खेळ गर्दीने पाहिले जात. दारासिंगने महाकाय किंगकाँगला उचलून फेकले, ही कथा घराघरांत पोहोचली. १९६८ साली मुंबईत त्याने अमेरिकेच्या लू थेझला हरवून जागतिक अजिंक्यपद मिळविले. ती हार ठरलेली होती, हे थेझने आपल्या आत्मचरित्रात झाकून ठेवलेले नाही. पण दारासिंग हा अस्सल पैलवान होता आणि त्याच्यासाठी हरण्यास आपली हरकत नव्हती, असेही तो नोंदवतो. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्त यांनी १९५७ च्या आपल्या निबंधसंग्रहातील पहिलाच निबंध या खेळावर लिहिला. हा क्रीडाप्रकार नसून देखावा आहे, प्रेक्षक येथे जय-पराजयाची चौकशी करावयास येत नाही, तर वेदना, पराभव आणि न्याय डोळ्यांसमोर मूर्त झालेले पाहावयास येतो, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. आम्हांला ते पटते. मात्र ते पटल्यावर परीक्षकाचे काम वाढते. वेदना कोणाची, पराभव कोणाचा आणि न्याय कसला, हे त्याला पाहावे लागते.

आम्ही पाहिलेला खेळ २९ मार्च १९८७ चा आहे. ‘रेसलमेनिया’ या नावाने भरणाऱ्या वार्षिक महोत्सवाचे ते तिसरे वर्ष. स्थळ अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील पाँटियाक येथील सिल्व्हरडोम हे प्रचंड छताखालचे क्रीडागृह. प्रायश्चित्तकाळातील चौथा, म्हणजे आनंदाचा रविवार त्या दिवशी होता. आयोजकांनी प्रेक्षकसंख्या ९३,१७३ सांगितली. खरी संख्या पुष्कळ कमी होती, असे काही अभ्यासकांचे मत आहे. एका संध्याकाळी बारा कुस्त्या झाल्या. त्या सर्वांचा हिशेब देण्याचे कारण नाही. ज्यांवरून या खेळाचे गुणदोष स्पष्ट होतात, अशा मोजक्याच घेतो.

गुणांच्या दृष्टीने रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची कुस्ती सर्वांत वर ठेवली पाहिजे. सॅव्हेज गर्विष्ठ विजेता आहे. त्याने आधीच्या एका कुस्तीत घंटेने स्टीमबोटचा कंठ चिरडला, अशी पार्श्वभूमी रचलेली आहे. ही कुस्ती सुमारे पंधरा मिनिटे चालते, आणि तीत एकही क्षण सैल नाही. खांदे टेकले, आता तीन मोजून होणार असे वाटावे, आणि दोनवरच खांदा उचलला जावा, असे पुनःपुन्हा घडते. तरी प्रत्येक वेळी प्रेक्षक नव्याने श्वास रोखतो. सॅव्हेजने या झुंजीची प्रत्येक पायरी आधी कागदावर उतरवली होती आणि दोघांनी ती पाठ केली होती, असे स्टीमबोटने पुढे सांगितले आहे. हे कळल्यावर आमचा आदर कमी झाला नाही, उलट वाढला. दोरावरून झेप घेणाऱ्याने खालच्याच्या बरगड्या सांभाळावयाच्या आणि खालच्याने वरच्याचे वजन झेलावयाचे, हे परस्परांच्या विश्वासावाचून होत नाही. तालमीत जोडीदाराबरोबर सराव करणारा मुलगा हा विश्वास ओळखतो. शेवट मात्र आम्हांला खटकला. पंच बेशुद्ध पडलेला असताना बाहेरचा तिसरा माणूस सॅव्हेजला खाली ढकलतो, आणि त्यामुळे सज्जनाचा विजय होतो. खासबागेत बाहेरच्या माणसाचा हात लागता तर मैदान पेटले असते. येथे लोक टाळ्या वाजवतात. दुर्जनाला हरविण्यासाठी नियम मोडला तरी चालतो, हा धडा मुलांच्या मनात किती सहज उतरतो!

शेवटची कुस्ती हल्क होगन आणि आंद्रे यांची. आंद्रे मूळचा फ्रान्सचा. शरीराची वाढ न थांबणाऱ्या विकाराने त्याला ती अवाढव्य काया दिली होती आणि तोच विकार त्याला आतून पोखरत होता. त्याच्या पाठीवर नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती, आणि त्या रात्री त्याच्या काळ्या पोशाखाखाली पाठीला आधार देणारा पट्टा होता. आरंभीच होगन त्याला उचलू पाहतो आणि त्याच्याच भाराखाली कोसळतो. पुढे आंद्रे त्याला मगरमिठीत धरतो आणि बराच वेळ काहीच घडत नाही. अखेर होगन त्या देहाला उचलून आपटतो, आणि सारे क्रीडागृह उसळते. कुस्ती म्हणून हे सामान्य आहे. मुरगूडच्या एखाद्या वस्तादाने त्याला पासंगालाही धरले नसते. पण जो माणूस वेदनेमुळे नीट चालू शकत नव्हता, त्याने आपल्यापेक्षा तरुण मल्लाला मोठे करण्यासाठी स्वतःची पाठ दिली, हे जाणून पाहिले की चित्र पालटते. आंद्रे १९९३ साली ४६ व्या वर्षी वारला. पडद्यावर त्याला दुष्ट म्हणून दाखविले आहे. आम्हांला त्या रात्रीतला सर्वांत उदार माणूस तोच वाटला.

मग लबाडी कोठे होती? ती जाहिरातीत होती. आंद्रे पंधरा वर्षे अजिंक्य आहे आणि त्याला आजवर कोणी उचलून आपटलेले नाही, असे लोकांना सांगितले गेले. वस्तुतः तो त्यापूर्वी हरला होता, आणि १९८० साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर खुद्द होगननेच त्याला उचलून आपटले होते. हा केवळ खेळ आहे, स्पर्धा नव्हे, अशी कबुली संस्थेने १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे दिली, तीही क्रीडानियंत्रणाच्या जाचातून सुटण्यासाठी. सत्य सांगितले गेले, पण ते प्रेक्षकासाठी नव्हे, सोयीसाठी. रिंगणातल्या दोघांनी परस्परांना फसवले नव्हते. फसवले ते दारावर तिकीट विकणाऱ्यांनी.

याहून गंभीर दोष तीन कुस्त्यांत दिसतो. एकीत किंगकाँग बंडी नावाचा अतिप्रचंड मल्ल ठेंगण्या मल्लांबरोबर उतरवला आहे. लोकांनी हसावे हा हेतू. खेळाच्या ओघात बंडी पन्नाशी उलटलेल्या लिटल बीव्हर या ठेंगण्या मल्लाला आपटतो आणि त्याच्यावर कोसळतो. तेव्हा बंडीच्याच बाजूचे दोन ठेंगणे मल्ल त्याच्यावर उलटून बीव्हरला वाचवावयास धावतात. हे ठरवलेले असले तरी त्या क्षणी हसू आटते आणि लाज वाटते. दुसरीत हरणाऱ्याने जेत्यापुढे वाकावे अशी अट आहे. जेता मुकुटधारी गोरा हार्ली रेस आणि वाकणारा गळ्यात साखळी घालून येणारा कृष्णवर्णी मल्ल. तो वाकतो, आणि लगेच खुर्ची उचलून रेसला बडवतो. अपमान रचावयाचा आणि त्यावर सुडाचा उतारा द्यावयाचा, एवढेच हे नाट्य. ज्या देशात माणसांच्या पायांत खरोखरीच साखळदंड घातले गेले, तेथे हे निरागस म्हणता येणार नाही.

तिसरी कुस्ती आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजाने विशेष लक्ष देऊन पाहावी. निकोलाय वोल्कॉफ रिंगणात उभा राहून सोव्हिएत राष्ट्रगीत गाऊ लागतो. त्याचा जोडीदार इराणचा ‘आयर्न शेख’. लोक ओरडून त्यांना शिव्या देतात आणि एक अमेरिकन मल्ल फळकूट घेऊन धावून येतो. वास्तव असे की वोल्कॉफ हा कम्युनिस्ट युगोस्लाव्हियातून बाहेर पडलेला क्रोएशियन. तो ‘शेख’ हा अस्सल हौशी पैलवान, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी अमेरिकेच्याच संघाचा साहाय्यक प्रशिक्षक. ज्याने त्या देशाच्या मुलांना कुस्ती शिकवली, त्याला त्याच देशात परका शत्रू म्हणून उभे केले आणि त्याच्या नावावर तिकिटे विकली. शेजाऱ्याचे नाव, पेहराव किंवा प्रार्थनेची भाषा वेगळी आहे, एवढ्यावरून त्याला खलनायक ठरविणे किती सोपे असते, याचा हा पाठच आहे.

खासबागेची परंपरा येथे उठून दिसते. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय देताना धर्म पाहिला नाही. पंजाबचे मुसलमान मल्ल कोल्हापूरच्या तालमींत राहिले, येथला खुराक खाल्ला, आणि मराठी मल्लांशी तोलामोलाने लढले. सादिक पंजाबीसारख्यांची नावे जुने शौकीन आजही आपल्या माणसाची घ्यावी तशी घेतात. १९५९ साली श्रीपती खंचनाळे यांनी दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून पहिला ‘हिंद केसरी’ किताब कोल्हापूरला आणला. तेव्हा आनंद विजयाचा होता, बंतासिंगच्या द्वेषाचा नव्हता. कुस्तीआधी हात मिळवावयाचा आणि सलामी घ्यावयाची, हा रिवाज त्याच संस्काराची खूण आहे. तथापि आपणही फुशारकी मारू नये. इनामासाठी नेमलेल्या कुस्त्यांत ‘आपसांत ठरले’ अशी कुजबूज मातीच्या मैदानातही ऐकू येते. अशी एक कुस्ती त्या साऱ्या अमेरिकन खेळापेक्षा अधिक खोटी आहे, कारण येथे प्रेक्षक मैदानाच्या दाराने आत आलेला असतो. हलगी खरी, माती खरी, फेटे खरे, आणि पाठ तेवढी विकलेली!

आपल्या श्रद्धेला कुस्तीचे वावडे नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब रात्रभर झुंजतो, जांघेचा सांधा निखळला तरी आशीर्वादावाचून सोडत नाही आणि पहाटे लंगडत परततो. त्या झुंजीत जखम आणि कृपा एकाच हाताने मिळाली. संत पौल इफिसकरांना लिहिताना आपली झुंज रक्तामांसाच्या माणसांशी नसल्याचे बजावतात. हे वचन त्या ‘शेखा’वर ओरडणाऱ्या गर्दीला ऐकवावेसे वाटते.

ठरलेल्या कुस्तीतूनही सुकृत घडू शकते, याचे उदाहरण आपल्याच ख्रिस्तसभेत आहे. मेक्सिकोमधील सर्जिओ गुतिएरेझ बेनितेझ हे धर्मगुरू अनाथ मुलांचा आश्रम चालविण्यासाठी ‘फ्राय तोरमेंता’ या नावाने, मुखवटा घालून, वीस वर्षांहून अधिक काळ धंदेवाईक कुस्ती खेळले. कुस्ती ठरलेली होती, पण मार खाणारे अंग खरे होते आणि त्यातून मुलांच्या ताटात पडणारा घासही खरा होता. आम्ही त्यांना आदर्श म्हणून प्रत्येक सेमिनरीत नेमू इच्छित नाही. आमची हाडे पन्नाशीत तो भार पेलणार नाहीत. पण मुखवट्याआड प्रामाणिकपणा राहू शकतो, हे त्यांनी दाखवले.

या उलट मुखवट्याआड निष्ठुरताही राहते. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटी येथे ओवेन हार्ट हा मल्ल छतावरून दोरीने उतरताना पडून मृत्यू पावला. तरी त्या रात्रीचा उरलेला खेळ थांबवला गेला नाही. कल्पित वेदनेवर टाळ्या घेण्याची सवय लागलेल्या हातांना खरी वेदना समोर आली तेव्हा थांबता आले नाही. या खेळावरचा आमचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

सिल्व्हरडोमविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. ज्या छताखाली मार्चमध्ये तो खेळ झाला, त्याच छताखाली १९८७ च्याच सप्टेंबरात पोप जॉन पॉल दुसरे यांनी हजारो भाविकांसह मिस्साबलिदान अर्पण केले. इमारत तीच आणि गर्दीही तशीच मोठी. वेदीवर जे अर्पण झाले त्यात कोणाला शत्रू ठरवावे लागले नाही, आणि जो देह दिला गेला तो कोणाच्या करमणुकीसाठी नव्हता. २०१७ साली ती इमारत पाडण्यात आली.

तर पालकांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. लहानग्यांना हा खेळ एकट्याने पाहू देऊ नये. गादीवरून भावंडाच्या अंगावर झेप घेणाऱ्या मुलाला वरच्याने वजन कसे सांभाळावयाचे, ते कोणी शिकवलेले नसते. मोठ्या मुलांबरोबर आपण बसून पाहावे. स्टीमबोट आणि सॅव्हेज यांची कुस्ती अवश्य दाखवावी. आंद्रेची दाखवताना त्याच्या पाठीच्या पट्ट्याविषयी सांगावे. वोल्कॉफ गाऊ लागला म्हणजे खेळ थांबवून विचारावे, “हा माणूस वाईट आहे, हे तुला कोणी सांगितले?” त्या उत्तरापुढे, कुस्ती खरी होती की खोटी, हा वाद फार लहान आहे. आणि जमल्यास पुढच्या जत्रेत त्याच मुलांना मातीच्या मैदानावर न्यावे. हौदाजवळ बसवून दोन मल्ल एकमेकांच्या अंगावर माती टाकून हात मिळवतात, तो क्षण त्यांना दाखवावा.